वखारीचं गाऱ्हाणं

जत्रा जवळ आली की खारबावात भिकाजीचा भाव वधारायचा. एरवी वर्षभर त्याचं मत विचारायच्या भानगडीत कुणी पडत नसे, कारण विचारून ते मिळत नसे. "बघूया", "मगे सांगतंय" आणि "घाई कित्याक" या तीन नाण्यांवर त्याने बावन्न वर्षं काढली होती आणि तिन्ही अजून खणखणीत वाजत होती. पण रवळनाथाच्या जत्रेत पहिलं गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. देवापुढे हात जोडून उभा राहिला की याच माणसाच्या तोंडाचा पट्टा असा सुटे, की घरची माणसं एकमेकांकडे बघत राहत.

गाऱ्हाण्याची रीत साधी. भिकाजीने एकेक मागणं देवाच्या कानावर घालायचं आणि जमलेल्या गावाने दर मागण्याला "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. तो थांबला की बाजूचा ढोलवाला ढोलावर टिपरू मारणार. मग गाऱ्हाणं संपलं, राहिलं ते पुढच्या वर्षी. आणि एकदा "व्हय" म्हटलं की म्हटलं. भिकाजीच्या आजोबांच्या वेळी धोंडू गावकराने डुलकीच्या भरात स्वतःच्या शेतातून पायवाट द्यायला "व्हय" म्हणून टाकलं होतं. त्याचे नातू आजही त्या वाटेवर नांगर घालत नाहीत. वाटेने जाणाऱ्यांकडे डोळे वटारून बघतात तेवढंच.

त्यामुळे जत्रेच्या आठवड्यात घरातलं प्रत्येक माणूस आपापलं मागणं घेऊन भिकाजीला एकट्याने गाठायचं. या वर्षी तर मागणं एकच होतं, ते म्हणजे वखार.

बापाच्या काळात खाडीत गलबतं लागायची तेव्हा वखारीत काथ्या आणि खोबरं छपरापर्यंत रचलेलं असे. गलबतं गेली, पाठोपाठ बाप गेला. वखारीत उरला काथ्याचा वास आणि वटवाघळं. तिच्याकडे बघायलाही कुणी जात नव्हतं. पण दोन वर्षांपूर्वी गावात एस.टी. आली, वखारीच्या बरोबर समोर थांबा झाला, आणि तिघाही भावांना एकदम आठवलं की वखार आपली तिघांची आहे.

श्रीपाद, मधला, मुंबईला गोदीत हेडक्लार्क. तो बायकोला घेऊन बोटीने उतरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यात चहाचा कप खाली ठेवण्याआधीच म्हणाला, "भाई, मी सरळच बोलतो."

सरळ बोलणारा माणूस आला की भिकाजीला आडवं पडावंसं वाटे. तरी तो बसून राहिला.

"लीलाच्या भावाला कोल्हापुरात सिमेंटची एजन्सी मिळतेय. इकडच्या भागासाठी त्याला गुदाम हवंय. आपली वखार थांब्यासमोर, लॉरी दारात. बोल."

"बघूया."

"त्यात बघायचं काय?"

"वखार बघूया. बरेच दिस बघूक नाय."

"भाई, थट्टा नको. धाकट्या लवूची बायको तिथे बाहुल्या करणार म्हणते, ते खरं?"

"बाहुल्यो नाय रे. संकासूर करता. नि मोर, भोवरे. नि दशावतारवाल्यांचे मुकुट."

"दशावतारवाले पैसे देतात?"

"शिमग्याक देतत. तवसर नारळ देतत."

श्रीपाद हसला. गेल्या पावसाळ्याआधी या घराची कौलं कुणी बदलून दिली ते तो बोलला नाही. बोलत नाही हे मात्र त्याने नीट दाखवलं, एकदा वर बघून आणि एकदा भिकाजीकडे बघून. "तू गाऱ्हाण्यात घाल," तो म्हणाला. "एकदा गावाने व्हय म्हटलं की घरात कुणाची कुरकुर नको."

भिकाजीने कपातला उरलेला चहा बशीत ओतला. बशीतून चहा पिताना बोलता येत नाही, ही त्याची जुनी सोय.

लवू, धाकटा, आगबोटीवर खलाशी. वर्षातले नऊ महिने दर्यावर. त्याच्या वाटणीचं बोलणारी त्याची बायको जानकी, माहेरची सावंतवाडीची. तिचा बाप लाकडी खेळणी करायचा आणि तीही लहानपणापासून त्याच्या शेजारी बसून लाखेच्या रंगांत बोटं बुडवत आलेली. सासरी दोन पावसाळे तिने नुसते भिंतीकडे बघून काढले. मग गावातल्या बाबली सुताराला गाठून पांगाऱ्याचं लाकूड मागच्या पडवीत आणवलं. बाबली चाकावर लाकूड फिरवून आकार द्यायचा, जानकी रंगवायची, आणि गावातल्या चार बायका कपडे शिवायच्या. दशावतारात संकासूर येतो ना, काळ्या बुरख्याचा, लांब लाल जिभेचा, पोरांना रडवून मग हसवणारा, तो त्यांनी वीतभर उंचीचा केला. मान फिरवली की जीभ बाहेर. मालवणच्या बाजारात एका दुकानदाराने हौसेने चार ठेवून घेतले आणि आठवड्याने बाकीचे मागायला स्वतः खारबावात आला. या वर्षी तर दशावताराच्या मंडळींनी आपले मुकुटही तिच्याकडेच दुरुस्तीला टाकले. पडवी आता पुरत नव्हती. पडवी पुरत नव्हती हे सगळ्यांत आधी कळलं ते भिकाजीच्या बायकोला.

"तुमी गाऱ्हाण्यात काय तां घाला," रुक्मिणीने जेवण वाढता वाढता त्याला सांगितलं, "पण माझी मागली पडवी माका परत गावाक व्हयी. लोणच्यात लाकडाचो भुसो, पापडाक लाखेचो वास. काल त्या बाबलीन माझ्या परातीत संकासुराच्यो जिभो सुकत घातल्यान! जेवूक बसलेलो पावणो परात बघून उठान गेलो."

"म्हणजे जानकी नको तुका?"

"जानकी व्हयी. तिचे संकासूर नको. तेंका घर बघा."

"मगे वखार—"

"मी वखारीचा नाव घेतलंय?" रुक्मिणीने भाताचा डाव तसाच वर धरला. "लीला चार दिसांसाठी इली. तिच्या भावाच्या आड मी कित्याक येव? मी आपली पडवीचा सांगतंय."

लक्ष्मीआतेचं मागणं आणखी सुटसुटीत होतं. भिकाजीच्या बापाची ही बहीण दिवसभर पुढल्या पायरीवर बसून एस.टी.च्या थांब्यावर नजर ठेवायची. गावात कोण आलं, कोण गेलं, कोण रिकाम्या हाताने आलं, याचा हिशेब तिच्याइतका चोख कंडक्टरकडेही नसे.

"सिमीट येतला म्हणतत," ती म्हणाली. "म्हणजे लोरी हुबी रवतली माझ्या फुड्यात. मगे एस्टीतसून कोण उतारता, कोणाच्या वांगडा उतारता, तां माका कोण सांगतला? तुझो बापूस?"

"श्रीपादाक सांग मगे."

"मी कित्याक सांगू? श्रीपाद माका दरवर्षी मुंबयचो बाम हाडता. वायट तू हो. थोरलो आसस."

भिकाजी उठून विहिरीकडे गेला. तिथे निदान माणसं नसतील अशी त्याची अटकळ होती. पण तिथे लीला उभी होती. थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही ही तिच्या माहेरची रीत, म्हणून श्रीपादची बायको डोक्यावर पदर घेऊन शेजारच्या माडाशी बोलू लागली.

"माझ्या भावाने आजवर तीन एजन्स्या घेतल्या," तिने माडाला सांगितलं. "आधी सायकली, मग शिवणयंत्रं, मग खत. तिन्ही बुडाल्या. आणि दर वेळी दोष जागेचा निघाला. चौथ्या वेळी जागा आपली असेल."

भिकाजीने रहाटाची दोरी सोडली. "ह्यां श्रीपादाक ठावक आसा?"

"त्यांना सांगितलं तर म्हणतील, सख्ख्या भावावर विश्वास नाही. नाही सांगितलं तर दोन वर्षांनी म्हणतील, तुझ्याच भावाने आमची वखार बुडवली. म्हणून मी देवाला सांगते." माडाकडे बघत तिने पदर सारखा केला. "पोचवायचं काम तेवढं तुमचं. माझं नाव नको."

विहिरीच्या काठावर बसून भिकाजीने मनातल्या मनात जमा-नावे मांडलं. सिमेंट कुणालाच नको होतं. बायकोला नको, आतेला नको, ज्याच्या नावाने येणार त्याच्या सख्ख्या बहिणीलाही नको. श्रीपाद साफ एकटा पडला होता, आणि हे घरात फक्त श्रीपादला ठाऊक नव्हतं. सांगणार कोण? जो तो आपलं "नाही" भिकाजीकडे ठेव म्हणून ठेवून गेला होता, आणि त्याच्याजवळ तर स्वतःचंसुद्धा एक "नाही" कधी शिल्लक नसे.

पण त्याला जास्त टोचत होतं ते दुसरंच. चार दिवसांत सगळे येऊन गेले. जिला वखार हवी होती ती जानकी तेवढी आली नाही.

जत्रेच्या दिवशी दुपार कलल्यावर तो खाजं घ्यायच्या निमित्ताने देवळासमोरच्या दुकानांत शिरला. गुळाच्या पाकाचा आणि आल्याचा वास सुटला होता. बांगडीवाले, लाडूवाले, फुगेवाले ओळीने बसले होते. एरवी खेळण्यांची दुकानं घाटावरून यायची. या वर्षी वडाखाली सगळ्यात मोठी गर्दी जानकीच्या फळीपुढे होती. चार बायका मागे बसून टाके घालत होत्या आणि जानकी उभ्याने विकत होती.

"येवा भावोजी! संकासूर व्हयो?"

"नको गो. जेवणाच्या ताटार रोज बघतंय." भिकाजी घुटमळला. "तुझा काय आसा गाऱ्हाण्यात घालूचा? सगळ्यांनी सांगल्यानी. तू ऱ्हवलंस."

"माझा काय? दर्यार ते सुखरूप ऱ्हवांदेत. तां तुमी दरवर्षी घालतासच."

"नि वखार?"

"वखार देवाची आसा?"

"नाय."

"मगे देवाक कित्याक तरास?" जानकीने एका पोरीच्या हातात मोर दिला, पोरीच्या बापाकडून पैसे घेतले आणि पुन्हा वळली. "वखार तुमची तिगांची. ह्यांचो व्हय माझ्याकडे आसा, जाताना देवन गेले. मधल्या भावोजींका मी काल इचारलंय. ते तोंडार नको म्हणाले. बरां वाटला माका, कायतरी म्हणाले. तुमका इचारून पावसाळो गेलो, दिवाळी गेली. तुमी अजून बघतास."

"तसा नाय गो..."

"बाबली उद्या जाता सावंतवाडीक. माझ्या बापाशीकडे चाकार बसतलो. थंय तेका बसूक जागा आसा, हंय नाय. तो गेलो की ह्या चार बायो परत दुसऱ्यांच्या खळ्यात भात झोडूक जातीत. गेलेलो माणूस परत येना नाय, भावोजी. नको म्हणा, मी रडूचंय नाय. पण म्हणा कायतरी."

मागच्या चारही बायकांचे टाके थांबले होते. भिकाजीने घसा खाकरला. 'बघूया'चं नाणं जिभेवर आलं होतं, या वेळी त्याने ते गिळलं आणि विचारलं, "गाऱ्हाण्याक येतंस मा? सगळा घर येतला."

"खंयचा येतंय! गाऱ्हाण्याआधी पोरांका दुकानार हाडून सोडतत नि बापूस देवळात जातत. पोरां पसंत करतत, बापूस परत येवन पैसे देतत. माझी कमायची तीच येळ. मी हंयसूनच हात जोडतंय."

सूर्य माडांच्या शेंड्यांवर आला तेव्हा देवळाचा सभामंडप भरला होता. पुढे गावकरी मानाप्रमाणे, त्यांच्या मागे मुंबईकर परीटघडीत, बाजूला बायका. दशावताराची मंडळी अर्ध्या रंगलेल्या तोंडांनी खांबाला टेकून उभी. भिकाजीने ठरवलं होतं ते पक्कं होतं. वखारीचं नाव घ्यायचं, पण असं की कुणाला काही लागू नये. 'वखारीचा काय तां बरां होवंदे.' बस. गावाने व्हय म्हणावं, ढोल वाजावा, उरलेलं पुढच्या वर्षी बघूया.

त्याने हात जोडले, डोळे मिटले.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा! आज तुझी सगळी रयत तुझ्या पायाकडे जमा झाली आसा. जां काय चुकला-माकला आसात, तां पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जे कोण पोटासाठी मुंबयक गेले हत, तेंका सांभाळ नि दरवर्षी तुझ्या पायाकडे हाडून घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मुंबईकरांचा आवाज इथे जरा चढला.

"आमच्या लक्ष्मीआतेची नजर अशीच साबूत ठेव, नि तिच्या नजरेच्या आड काय येवक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आते एकटीच दोनदा म्हणाली.

"घरातली पडवी मोकळी होवंदे, लोणचा निर्मळ ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

गावाला यात देवाने नेमकं काय करायचं ते उमजलं नाही, पण व्हय म्हटलं. रुक्मिणीने व्हय म्हणून वर हातही जोडले.

"आमच्या श्रीपादाच्या घरात सासर नि म्हायार दोनय गोडीन नांदांदेत, एकाचा खापर दुसऱ्याच्या माथ्यार फुटूक देव नको रे म्हाराजा!"

बायकांच्या बाजूने एक बारीक "व्हय" सगळ्यांच्या आधी आलं. श्रीपादनेही मान डोलावली. भाई किती मायेने मागतो, असं त्याला वाटलं असावं.

"नि दर्यार गेलेल्या आमच्या लवूक वादळवाऱ्यातसून सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आता ठरवलेलं वाक्य. श्वास घ्यायला भिकाजीने डोळे उघडले आणि तेवढ्यात त्याला देवळाच्या पायरीवर बाबली दिसला. खांद्याला हत्यारांची पिशवी, हातात नारळ. देवाचा निरोप घ्यायला आला होता. उद्या जाणार होता तो आजच निघालेला दिसत होता.

ठरवलेलं वाक्य गेलं. कुठे गेलं ते भिकाजीला पुढेही कधी सांगता आलं नाही. ढोलवाल्याने टिपरू उचललं.

"नि!" भिकाजी ओरडला. टिपरू हवेत थांबलं. "नि... नि त्या लवूची बायल, जी हंय ऱ्हवान पाच घरांच्या चुली पेटयता... नि जिच्या हातचे मुकुट आज तुझ्याच दारात ह्या राजांच्या डोक्यार चढतले... तिच्या कामाक आमच्या बापाशीची वखार उघडी होवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज श्रीपादचा होता. गाऱ्हाणं सुरू झाल्यापासून तो 'वखार' या एका शब्दासाठी कान टवकारून उभा होता. शब्द आला, त्याने छाती भरून व्हय म्हटलं, आणि मग बाकीचं वाक्य त्याच्या डोक्यात पोचलं. तोंड मिटायच्या आधीच चेहरा बदलला.

भिकाजीने ते पाहिलं. भाऊ होता तो. कौलं त्याने घातली होती. काहीतरी त्याच्याही पदरात पडायला हवं, आणि ढोलवाला तर थांबायला तयार नव्हता.

"नि त्या मालाक मुंबयत मोठो बाजार गावांदे! थयलो सगळो कारभार आमच्या श्रीपादाच्या हातीन होवंदे, वखारीर तेच्याच नावाची पाटी लागांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गावाने श्रीपादकडे कौतुकाने वळून पाहिलं. एवढ्या लोकांनी कौतुकाने पाहिलं की माणूस काय करणार? श्रीपादने पुटपुटत का होईना, दुसऱ्यांदा व्हय म्हटलं.

ढोल वाजला.

"भाई, हे काय केलंस?" मंडपाबाहेर येताच श्रीपादने त्याचा दंड धरला.

"मी खंय काय केलंय? मी देवाक सांगलंय. व्हय तू म्हटलंस."

"मला वाटलं तू सिमेंटचं..."

"सगळ्यात मोठ्यान म्हटलंस रे झिला," लक्ष्मीआते मागून म्हणाली. "माझो उजवो कान अजून वाजता."

"माझ्या दादाला काय सांगायचं आता?" लीला म्हणाली. तिचा चेहरा इतका पडला होता की दशावताराच्या मालकाने पाहिला असता तर तिला मंडळीत घेतलं असतं. "देवाच्या पुढे कुणाचं चालतं? मीच लिहीन त्याला."

श्रीपाद आणखी काहीतरी बोलणार होता, पण शाळेचे हेडमास्तर हात पुढे करत आले. गावातल्या कलेला मुंबईकर माणसाने हात दिला, असंच व्हायला हवं, असं म्हणाले. त्यांच्या पाठोपाठ दशावताराचे मालक येऊन तोंडाचा रंग सांभाळत वाकून गेले. मग दोन गावकरी आले. देवळापासून वडापर्यंतच्या वाटेत श्रीपादचा आवाज हळूहळू मोकळा झाला. वड जवळ आला तेव्हा तो लीलाला सांगत होता, की मुळात त्याच्याही मनात हेच होतं, फक्त भाईने आधी बोलायला हवं होतं.

जानकी गाठोडं बांधत होती. फळीवर थोडेच भोवरे उरले होते. बाबलीला वाटेत कुणीतरी बातमी सांगितली असावी, तो पिशवी खांद्यावर तशीच ठेवून बाजूला उभा होता, जावं की राहावं अशा तोंडाने.

"जानकी, देवान तुका वखार दिल्यान गो!" रुक्मिणी लांबूनच म्हणाली.

"ऐकलंय. ढोलाच्या आधी तुमचो गजर हंयसर इलो." जानकीने गाठ मारली. "पाटी मधल्या भावोजींची, कारभार मधल्या भावोजींचो. बरां झाला. माका कोणी इचारल्यान?"



"म्हणजे काय?" श्रीपाद म्हणाला. "सगळ्या गावाने व्हय म्हटलंय."

"म्हटल्यानी आसतीत. मी नाय म्हटलंय. मी हंय संकासूर इकी होतंय."

भिकाजीच्या हातातली खाज्याची पुडी चुरगळली. खरंच होतं. अख्ख्या गावाचा व्हय जमा झाला होता, सिमेंटवाल्या श्रीपादचा तर दोनदा, आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप तिचाच बाकी राहिला होता.

"मगे काय, नको तुका वखार?" आतेने धसक्याने विचारलं. तिच्या डोळ्यांपुढे लॉरी उभी राहिली असावी.

"व्हयी. पण भाड्यान व्हयी. फुकट नको."

"अगे, घरातल्या घरात भाडा कसला?"

"फुकट दिलेला परत मागूक कायच लागना नाय, आते. उद्या कोणाच्या तरी मनात येतला, नि मगे आमी सगळीजणां रस्त्यार. भाडा घेवा, महिन्याच्या महिन्याक, तिगांका सारख्या. ह्यांच्या वाटणीचासुद्धा मी बाजूक काढतलंय. नि पाटी..." तिने मागे बघितलं. बायका उभ्या राहिल्या होत्या. "पाटयेर ह्या चौगींची नि बाबलीची नावां. माझा शेवटाक घाला. जागा ऱ्हवली तर."

"आणि मुंबईचा कारभार?" श्रीपादचा आवाज पुन्हा आवळला.

"तो लीलावैनींनी बघूचो. काल त्या पडवीत येवन चार संकासूर घेवन गेल्यानी. खंयच्या दुकानार ठेवचे, कितीक इकूचे, सगळा सांगल्यानी माका."

"तू?" श्रीपाद बायकोकडे वळला.

लीला वडाच्या पारंबीकडे बघत होती. "दादरला एक दुकान आहे माझ्या ओळखीचं," तिने पारंबीला सांगितलं.

"पण गाऱ्हाण्यात पाटी श्रीपादाच्या नावाची सांगून झाली आसा," भिकाजी कळवळून म्हणाला. "सगळो गाव व्हय म्हणान बसलो. देवाक आता काय सांगू?"

जानकी हसली. "देवाक खोटो पाडूचो नाय. मधल्या भावोजींचा नाव पाटयेर नको, आपण तेंच्या नावाची दुसरी पाटी करूया. बाबली, चांगल्या फणसाच्या लाकडाची कर. 'वखारीचे मालक' म्हणान. भितरल्या बाजूक लावया. भाडा देवक जाताना दर महिन्याक मी नमस्कार करीन."

आतेला पहिलं हसू फुटलं. मग बायकांना. श्रीपादने रागवायचा प्रयत्न केला, पण 'वखारीचे मालक' हे शब्द त्याला मनातून बरे वाटले आणि ते लपेनात. "अक्षरं ठळक हवीत," तो म्हणाला.

"ठळक काढतंय," जानकी म्हणाली आणि भिकाजीकडे वळली. "सगळ्यांचा झाला. आता तुमचा, भावोजी. माका वखार ह्या अटींर. व्हय की नाय?"

भिकाजीने इकडेतिकडे पाहिलं. देऊळ मागे लांब राहिलं होतं. ढोलवाला भजी खात होता. पुढे देव नव्हता, मागे गाव नव्हतं, आणि खाज्याची पुडी चुरगळून चुरगळून तिच्यात आणखी चुरगळण्यासारखं काही उरलं नव्हतं. समोर पाच बायका आणि एक सुतार, सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"बघ..." जिभेने सवयीने सुरुवात केली.

बाबलीने खांद्यावरची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"व्हय," भिकाजी म्हणाला.

"काय?"

"व्हय म्हटलंय गो! भाड्यान. सगळ्या अटींर. उद्या सकाळी उघडतंय वखार."

रुक्मिणी नवऱ्याकडे असं बघत राहिली, जसं काही देवळातल्या दगडाने तिला हाक मारली होती. बाबलीने पिशवी खाली ठेवली. एक बापूस पोराचा हात धरून घाईघाईने फळीकडे येत होता.

"बरां झाला," जानकी म्हणाली आणि उरलेले भोवरे पुढे मांडले. "आता वायच बाजूक सरा, भावोजी. गिरायक इला."